भट्टीवाल्याची सकाळ

बेकरीत त्याला सगळे भट्टीवाला म्हणत. ऐन तारुण्यापासून ज्याने रात्रपाळीशिवाय दुसरी पाळी पाहिली नाही, त्याला दुसरं काय म्हणणार? लोक दिवेलागणीला घरी परतत तेव्हा हा दात घासायचा, चहाबरोबर नाश्ता करायचा आणि भट्टी पेटवायला निघायचा. सकाळी सगळे आंघोळ करून कामाला जात, तेव्हा हा केसात पीठ आणि डोळ्यात झोप घेऊन त्यांच्या उलट दिशेने घरी यायचा आणि खिडकीला जाड पडदा ओढून आडवा व्हायचा. शेजारच्या बाईला कितीतरी दिवस वाटत होतं की हा माणूस कामधंदा करत नाही, नुसता लोळतो. "माझं लग्न एका वटवाघळाशी झालंय," असं बायको हसत सांगायची.

बायको घरीच शिलाई करायची. विजारी आखूड करणं, चेन बदलणं, सुटलेल्या बाह्या बसवणं. दुपारी मशीनच्या आवाजाने त्याची झोप मोडू नये म्हणून ती मशीनखाली जुनी सतरंजी अंथरायची. दोघांचं बरं चाललं होतं. मूल तेवढं नव्हतं.

आता अशा बाबतीत जग कुणाकडे बोट दाखवतं ते सांगायला नको. इतकी वर्षं सुया तिच्या हातात टोचल्या गेल्या, पोटाच्या सोनोग्राफ्या तिच्या झाल्या, गोळ्यांनी तोंड तिचं कडू झालं. भट्टीवाला बाहेरच्या बाकावर बसून पेंगत असे. शेवटी नव्या डॉक्टरबाईंनी त्यालाही आत बोलावलं आणि त्याचीही तपासणी केली. बाई म्हणाल्या, "तुमची शुक्राणूंची संख्या थोडी कमी आहे, पण काम भागेल. ह्यांच्या गर्भाशयात गाठ आहे, ती आधी काढू. जखम भरायला सहा महिने देऊ आणि मग उपचार सुरू करू. ह्यांचं वय बघता त्यानंतर मात्र एक महिनाही वाया घालवायचा नाही."

बायको चाळिशीला टेकली होती. तिने ऐकलं ते सहा महिने. त्याने ऐकलं ते "थोडी कमी".

बाईंचं "काम भागेल" त्याच्या कानात शिरलंच नाही. गाठ काढून बायको घरी आली, पोट धरून भिंतीच्या आधाराने चालायला लागली, आणि ते बघून ह्याच्या जिवाची कालवाकालव झाली. हिने पोट फाडून घेतलं आणि आपण काय केलं? बाकावर बसून पेंगलो. त्याने ठरवलं, सहा महिन्यांनी आपल्याबद्दल "थोडी कमी" हे शब्द निघता कामा नयेत. त्याचं हे ठरवणं मनापासूनचं होतं, म्हणूनच पुढचं सगळं सांगताना माझा संताप होतो. वाईट हेतूने केलेलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं.

त्याचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, व्यायामशाळेत शिकवायचा. घरात त्याला पैलवान म्हणत. दंड असे की सदऱ्याच्या बाह्या बहिणीला उसवून द्याव्या लागत. भट्टीवाल्याने त्याच्याजवळ मन मोकळं केलं, तेव्हा पैलवान म्हणाला, "भावजी, आधी हार्मोन तपासा. चौकात नवीन लॅब झालीय. डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा लागत नाही."

डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही ही गोष्ट लोकांना सोय वाटते. त्या लॅबच्या काचेवर हसऱ्या, पिळदार माणसाचं चित्र होतं आणि 'संपूर्ण पुरुष तपासणी' असं लिहिलं होतं, जणू काही बाकीचे अर्धवटच हिंडतात. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "सकाळी दहाच्या आत या. उपाशीपोटी. फक्त पाणी चालेल."

भट्टीवाल्याने हे अक्षरशः पाळलं. त्या रात्री त्याने ताज्या पावाचा तुकडासुद्धा तोंडात टाकला नाही. सिगारेट ओढली नाही, चहा घेतला नाही, साथीदारांनी चेष्टा केली ती ऐकून घेतली. आदल्या दिवशी वरच्या मजल्यावर फरशा फोडत होते, त्यामुळे झोपही धड झाली नव्हती. सकाळी भट्टीवरून तो तडक लॅबमध्ये गेला आणि पहिल्या खुर्चीत बसून दंड पुढे केला. सगळे नियम पाळल्याचं त्याला कौतुक वाटत होतं. "उपाशी आहात ना?" मुलीने विचारलं. "कडकडीत," तो म्हणाला. झोपून उठून आलात की जागून आलात, हे तिने विचारलं नाही. तिच्या दृष्टीने सकाळ म्हणजे सकाळ. तिचंही काय चुकलं म्हणा.

रिपोर्ट मोबाइलवर आला. टेस्टोस्टेरॉनचा आकडा तांबड्या अक्षरात होता आणि शेजारच्या मर्यादेच्या खाली होता. भट्टीवाल्याला शाळेतलं प्रगतिपुस्तक आठवलं. इतके मिळाले तर पास, त्याखाली नापास. तळाला बारीक अक्षरात 'सकाळच्या दुसऱ्या नमुन्याने खात्री करावी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' असं होतं, पण तिथवर कुणाचे डोळे जातात? बायकोला सांगायचं सोडा, आरशासमोर उभं राहायचीही त्याला लाज वाटू लागली.

पैलवानाने मात्र मांडीवर थाप मारली. "सापडलं ना कारण? पंधरा दिवसांतून एक इंजेक्शन. आमच्याकडे निम्मे लोक घेतात. बघा कसे वाघ होता ते!"

"ताईला कळू देऊ नकोस," भट्टीवाला म्हणाला.

"माझ्या तोंडाला कुलूप."

आणि तो खरोखरच वाघ झाला, हेच तर दुर्दैव. व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत तो कमरेत सुई घ्यायचा. महिन्या-दोन महिन्यांत अंग भरलं, ढेरी ओसरली, पिठाची पोती तो तरण्या पोरासारखी उचलू लागला. सिगारेट त्या रात्रीपासून सुटलीच होती; झोपेतून उठला की गाणं गुणगुणायचा. बायकोची जखम भरली होती, तीही हळूहळू हसायला लागली होती. "हे काय, सिगारेट सोडल्याचा एवढा गुण?" ती विचारायची आणि तो मिशीतल्या मिशीत हसायचा. त्यांच्या संसारातले ते सगळ्यात चांगले महिने होते. तिने उरलेल्या कापडांतून एक लहानशी दुलई शिवायला घेतली. शिवताना ती कुणाला दाखवत नसे, पण त्याच्यापासून लपवतही नसे.

सहा महिने झाले. तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं आणि कागद पुन्हापुन्हा पाहिला.

"ह्यात एकही शुक्राणू नाही," त्या म्हणाल्या. "थोडे कमी नाहीत. एकही नाही. काही औषध घेताय का?"

"नाही," भट्टीवाला म्हणाला.

बाई त्याच्या दंडांकडे बघत राहिल्या. "इंजेक्शन?"

बायको त्याच्याकडे वळली. मग त्याने सगळं सांगितलं: लॅब, तांबडा आकडा, मागची खोली. पैलवानाचं नावही सांगून टाकलं.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही बेकरीत आहात ना? रोज बाहेरून तयार पाव यायला लागला, तर मालक भट्टी कशाला पेटवेल? शरीराचंही तसंच. हे हार्मोन बाहेरून आलं की आतलं काम बंद पडतं आणि शुक्राणू तयार होणंही त्याबरोबर थांबतं. मूल हवं असलेल्या माणसाने हे इंजेक्शन घ्यायचंच नसतं."

"पण माझं कमी होतं, बाई. रिपोर्टमध्ये होतं. मी उपाशीपोटी, सकाळीच..."

"रात्री झोपला होतात?"

"नाही. पाळीवरून सरळ गेलो."

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "ही तपासणी झोप काढून उठल्यावर दोन-तीन तासांत करायची असते. जागरण झालं की आकडा खाली येतो. आणि एका आकड्यावरून कुणी काही ठरवत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघतात. कदाचित तुम्हाला काहीच झालेलं नव्हतं."

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. "ह्यांची सकाळ संध्याकाळी होते. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं."

एवढंच. तिने त्याला बोल लावला नाही, भावाला फोन करून फैलावर घेतलं नाही. घरी आल्यावर दुलई मात्र पेटीच्या तळाला गेली.

इंजेक्शनं थांबली. आतलं काम पुन्हा सुरू व्हायला वर्षसुद्धा लागेल, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि लागलंच. अंगातली ताकद पाणी ओसरावं तशी ओसरली. पोती ओढताना धाप लागायची, उगाच डोळे भरून यायचे, भट्टीसमोर उभा असतानाही मन गारठलेलं असायचं. दर तीन महिन्यांनी तपासणी व्हायची. शून्य. शून्य. मग दोन-चार. तिची अंडी काढून गोठवून ठेवायचीही सोय असते, असं बाईंनी सांगितलं होतं; पण ती दूरच्या मोठ्या दवाखान्यात होती आणि ह्यांच्या आवाक्याबाहेरची होती. त्यामुळे बायको थांबली. ती विजारी आखूड करत होती, चेन बदलत होती आणि थांबली होती.

दीड वर्षाने त्याचा आकडा आला तो आधीपेक्षाही चांगला. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, "तुमचं आता उत्तम आहे." मग त्यांनी बायकोच्या हार्मोनचा रिपोर्ट उचलला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. त्या तिच्याशी फार हळू बोलल्या. अंडाशयात आता जवळपास काही उरलेलं नाही, गाठ काढल्यावर लगेच प्रयत्न झाला असता तर गोष्ट वेगळी होती, असं काहीसं. बायकोने मान डोलावली आणि "बरं" म्हणाली. गिऱ्हाइकाने कपडा उद्या हवा म्हटल्यावर ती असंच "बरं" म्हणायची.

घरी येऊन ती मशीनवर बसली. तो कामाला जायचे कपडे घालून उभा होता, पण त्याचा पाय निघेना.

"मी आज जात नाही," तो म्हणाला.

"जा तुम्ही. घरी बसून काय करणार?"

"अगं, बोल तरी काहीतरी. शिव्या दे."

तिने दाताने दोरा तोडला. "शिव्या कशाला देऊ? मी एक विचार करत होते. तुमचं आता सगळं ठीक आहे. तुम्हाला अजून मूल होऊ शकतं. मला नाही."

"असं काय बोलतेस?"

"खोटं बोलतेय का?"

ती खोटं बोलत नव्हती, आणि तिच्या आवाजात टोमणाही नव्हता. भट्टीवाला पलंगाच्या कडेवर टेकला. ज्या आकड्यासाठी त्याने दीड वर्ष जीव टांगणीला लावला होता, त्याचा त्याला आता तिटकारा आला. तो आकडा शून्यावरच राहिला असता, तर निदान तिच्या शेजारी जाऊन बसता तरी आलं असतं.