गळाच्या दोरीवर भोकर

भाऊजींची जुनी जीप म्हणजे एक संस्थानच. तीन हॉर्न, पुढे झेंडा, काचेवर वाघ. त्या रविवारी भाऊजी, ताई आणि मी भोकरपलीकडच्या तलावावर मासे धरायला गेलो आणि परत निघताना अ‍ॅक्सिलेटरची केबल तुटली. ताई भोकरच्या दवाखान्यात नर्स. संध्याकाळी सहाला तिची रात्रपाळी सुरू होणार होती, आणि ती पोचल्याशिवाय दिवसपाळीच्या बाईंना घरी जाता येत नव्हतं.

"फोनला रेंज न्हाई," असं जाहीर करून भाऊजी झेंडा पुसू लागले.

ताईनं गळाची नायलॉनची दोरी घेतली आणि मांडीवर तिपदरी वळली. बैलाचं दावं वळायला वडिलांनी तिला असंच शिकवलं होतं. बॉनेट उघडून तिनं ती तुटक्या केबलच्या जागी बांधली, दुसरं टोक खिडकीतून आत घेतलं आणि भाऊजींशेजारी बसली.

"जरा हळू ओढ की."

"तुमी नुसतं स्टेरिंग धरा. रेस मी देऊन राहिले."

भोकरपर्यंत संस्थानाचा कारभार तिनंच पाहिला. सहाच्या आत ती वॉर्डात होती. हातांना माशांचा वास येत होता. दिवसपाळीच्या बाई नाकाला पदर लावून, पण वेळेवर घरी गेल्या. मी दारात छाती फुगवून उभा होतो, जणू दोरी मीच वळली होती.