काळ्या पडद्यावरचा राखण्या

हिरकणीआत्याने आपल्या आवाजाने आजवर कोणाकोणाला पळवलं ते आठवायला बसलं, तर पोपट येतील, शेळ्या येतील, शाळा बुडवून चिकू पाडायला आलेली पोरं येतील, एक बिचारा पोस्टमन येईल आणि तिला बघायला आलेला नवरा मुलगाही येईल.

त्या नवऱ्या मुलाची गोष्ट आमच्या आळीत अजून चवीने सांगतात. मंडळी चिंचणीहून आली होती. फाटक सापडलं नाही म्हणून चिकूच्या झाडांतूनच घराकडे निघाली. आत्या माचावर उभी होती. झाडांत माणसं हलताना दिसली आणि तिने सवयीने हाक दिली. नवरा मुलगा चपला टाकून पळाला. चपला चांगल्या होत्या, पुढे कितीतरी वर्षं हाल्याने वापरल्या. काही जण म्हणतात, तिने त्याला ओळखलं होतं आणि मुद्दामच ओरडली. मी एकदा तिला विचारलं. म्हणाली, "तुमच्या बायकोने तुम्हाला आधी ओळखलं असतं, तर तीपण ओरडली असती." पुन्हा मी विचारलं नाही.

आत्या म्हणजे आमच्या शेजारच्या रतनभाऊंची थोरली बहीण. डहाणूला खाडीच्या अलीकडे त्यांची चिकूची वाडी आहे. सातबारा रतनभाऊंच्या नावावर, पण राखण आत्याची. मधोमध बांबूचा माच बांधलेला, त्यावर ती सकाळी जी चढायची ती ऊन डोक्यावर येईस्तोवर. खाली हाल्या. हा रानशेतचा, लग्न झाल्यापासून बायको लाडकीसकट वाडीतच झोपडी करून राहिलेला. काठीला बांधलेल्या जाळीने चिकू उतरवायचे, झाडांना पाणी सोडायचं आणि बाकी आत्या सांगेल ते.

त्यामुळे आत्याला ओरडायचं असो कशासाठीही, तोंडातून शब्द निघायचा एकच. "हाल्याऽऽऽ." पोपट आले, हाल्या. शेळी शिरली, हाल्या. चहा झाला, हाल्या. शेवटचा 'ल्या' ती इतका लांबवायची की पोपटांचा समज झाला असावा, हाल्या हे आपलंच नाव. आमच्या घरातलं दूधसुद्धा त्या हाकेवर उतरवलं जायचं.

२०१५ साली रतनभाऊंचा जतीन पुण्याची नोकरी सोडून लॅपटॉप घेऊन घरी आला. हा आई गेल्यावर आत्याच्याच मांडीवर वाढलेला. म्हणाला, घरी बसून काम करणार. 'घरी बसून' आणि 'काम' हे शब्द आमच्या आळीने एका वाक्यात कधी ऐकले नव्हते. लगेच बातम्या सुटल्या. कोणी म्हणे काढून टाकला, कोणी म्हणे मुलीने नकार दिला, कोणी म्हणे शेअर बाजारात बुडाला. यातल्या पहिल्या दोन माझ्या नव्हेत.

रतनभाऊंनी ओट्यावर बसून सर्वांदेखत सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत बघतो. एका कंपनीचं काम मिळालंय म्हणतोस, ते जमवून दाखव. नाही जमलं तर तू पुण्याला, आणि वाडी मक्त्याने."

मक्त्याने म्हणजे झाडांवरचा सगळा माल हंगामभर व्यापाऱ्याच्या हवाली. मग राखणही त्याची, तोडणारी माणसंही त्याची. म्हणजे जतीन पुण्यात, हाल्या-लाडकी रानशेतला आणि आत्या स्वयंपाकघरात. आत्याला स्वयंपाकघर म्हणजे शिक्षा वाटायची. तिच्या हातचं जेवलेल्यांचंही तेच मत होतं.

त्या दिवसापासून आत्याने जतीनवरही राखण सुरू केली. चिकू भरायच्या पडवीवर माळा आहे, तिथे तो काम करायचा. वर जायला लाकडी शिडी. आत्या चहाच्या निमित्ताने चढायची आणि पडद्याकडे बघत बसायची. पडदा काळाकुट्ट, त्यावर पांढरी अक्षरं. चित्र नाही, रंग नाही.

"टीव्ही बिघडल्यासारखं दिसतंय," आत्या म्हणाली.

"बिघडलेलं नाही गं. हा माझा राखण्या आहे," जतीन म्हणाला. "हा माझ्या फाइलींवर नजर ठेवून बसतो. मी एखाद्या फाइलीत बदल करून सेव्ह केली, की त्याला लगेच कळतं. मग जे काम मी सांगून ठेवलंय ते तो आपणहून करतो. सगळं तपासून बघतो. कुठे चुकलं असेल तर आवाज देतो."

"आणि तू काही बदललंच नाहीस तर?"

"गप्प बसतो."

"झोपत नाही?"

"नाही."

"तंबाखू?"

"नाही गं."

"म्हणजे हाल्यापेक्षा बरा."

खालून हाल्याचा आवाज आला, "ऐकू येतं हो आत्या."

तेवढ्यात जतीनने काहीतरी सेव्ह केलं, ते चुकलं आणि लॅपटॉप 'टिक' करून वाजला. आत्याने कपाळाला हात लावला. "हा आवाज? याने डास तरी उठेल का? अशा राखण्याला मी दुपारपर्यंतसुद्धा ठेवला नसता."

जतीन हसून म्हणाला, "मग तूच दे आवाज." आणि मोबाइल तिच्या पुढे धरला. 'चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. पण मोबाइल बघितल्यावर आत्या पाहुण्यांपुढे बसल्यासारखी सावरून बसली आणि बारीक सुरात म्हणाली, "चुकलं हो बाळा." पुन्हा सांगितलं, तर "चुकलं वाटतं." जतीनने नाद सोडला. तेवढ्यात तिला खिडकीतून वाडीत शेळी दिसली. मोबाइल चालूच होता.

दुसऱ्या दिवसापासून जतीनची फाइल चुकली की लॅपटॉप ओरडू लागला, "हाल्याऽऽऽ."

आणि हाल्या यायला लागला.

पहिल्यांदा आला तेव्हा जतीन दचकलाच. शिडीच्या तोंडाशी हाल्याचं डोकं. "काय आत्या?"

"आत्या नाही रे इथे. हे मशीन ओरडलं."

हाल्याने मशीनकडे बघितलं. "बरं," म्हणाला आणि उतरला. थोड्या वेळाने पुन्हा फाइल चुकली, पुन्हा हाल्याचं डोकं वर. जतीनने समजावलं, हात जोडले. हाल्याचं म्हणणं एकच, "मशीन असेल भाऊ. पण हाक तर आत्यांची आहे ना?"

आत्या माचावर आहे की माळ्यावर हे खालून कळत नाही. न जावं आणि नेमकी खरीच हाक असली तर? हाल्याने आयुष्यात तो धोका पत्करला नव्हता, आता कशाला पत्करेल. लाडकी कपडे धुता धुता आमच्या घरापर्यंत पोचेल अशा बेताने म्हणायची, "मी हाक मारली तर ऐकू येत नाही. डबा ओरडला की पळतो."

आळीला करमणूक झाली. संध्याकाळी ओट्यावर पहिला विषय हाच, आज हाल्या फार चढला की कमी चढला. त्यावरून जतीनचं काम कसं चाललंय ते सगळ्यांना कळायचं. कंपनीतल्या त्याच्या साहेबांना कळायच्या आधी आमच्या बायकोला कळायचं.

जतीनला लाज वाटली आणि त्याने आवाज काढून पुन्हा 'टिक' लावलं. तर हाल्या दिवसभर बेचैन, सारखा वर बघायचा. आणि आत्याने बोलणं टाकलं. शेवटी जेवताना म्हणाली, "माझा आवाज खुपला का रे?" त्याच रात्री हाक परत आली.

मग जतीनकडे एकच उपाय उरला, चुका कमी करणे. आधी तो एक ओळ लिहायचा की सेव्ह, एक ओळ की सेव्ह. आता लिहून झालं की बोट वरच थांबायचं. पुन्हा वाचायचा. कारण एक चूक म्हणजे साठीच्या माणसाला शिडी. हाल्याच्या गुडघ्यांनी त्या पोराला शिस्त लावली, असं मी आळीत सांगतो आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. दिवाळीला कंपनीने त्याचं काम कायम केलं. रतनभाऊंनी फटाके जरा जास्त आणले. मक्त्याचा विषय मागे पडला.

तो विषय परत निघाला २०१८ मध्ये. आत्याच्या गळ्यात गाठ झाली. वलसाडला नेऊन ऑपरेशन केलं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज गेला. नुसती हवा यायची. डॉक्टर आधीच म्हणाले होते की असं होऊ शकतं, पण ज्या घराने ती हाक ऐकली त्याला ते खरं वाटलं नव्हतं.

आत्या माचावर चढायची, पण नुसती बसून राहायची. थाळी बडवून बघितली. पोपट ढिम्म. हाल्या तेवढा धावत यायचा, पण थाळी वाजते ती जेवणाची, म्हणून हात धुऊन. रतनभाऊ एकदा माझ्याजवळ हळू आवाजात म्हणाले, "आता राखण होणार नाही तिच्याने. व्यापाऱ्याला बोलावलंय." हळू बोलायची गरज नव्हती. आत्याचा आवाज गेला होता, कान शाबूत होते.

दवाखान्यातून आल्यापासून जतीनने लॅपटॉपचा आवाज बंद ठेवला होता. एका सकाळी तो बंद करायचा राहिला आणि फाइल चुकली.

"हाल्याऽऽऽ."

आत्या ओट्यावर शेंगा सोलत होती. हात थांबला. मी भिंतीपलीकडे होतो, मीही थांबलो. वाडीतून हाल्या धावत आला आणि अंगणात उभा राहिला. वर शिडी, समोर आत्या. कुठे जावं त्याला कळेना. आत्याने बोट वर केलं, जा. तो चढायला लागला, तशी ती हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. मग उठली, त्याच्यामागून शिडी चढली. जतीनला आधी लॅपटॉप दाखवला, मग स्वतःचा गळा, मग खिडकीतून वाडी.

जतीन "होईल की," म्हणाला. "फाइल बदलली की हा ओरडतो. ती मीच बदलायला पाहिजे असं थोडंच आहे?"

त्याने एक जुना मोबाइल तिला दिला. त्यावर एकच मोठं बटण ठेवलं. आत्याने ते दाबलं की माळ्यावर एका फाइलीत एक ओळ वाढायची. राखण्याला बदल दिसायचा आणि तो आत्याची हाक भोंग्यावर वाजवायचा. भोंगा गणपती मंडळाचा, मोठ्या झाडाला बांधलेला. मंडळाने विचारलं कशाला हवा, तर मी सांगितलं भजनाला. पहिल्या दिवशी बटण दाबलं तेव्हा पोपटांचा अख्खा थवा उठला आणि खाडीपलीकडे गेला.

व्यापारी आला तो त्याच आठवड्यात. रतनभाऊ त्याला झाडं दाखवत होते. बहर चांगला होता. "माल बेस्ट छे," शेठ म्हणाला. "पण राखण?"

"ताईच करायची. आता तिचा आवाज राहिला नाही," रतनभाऊ खाली बघत म्हणाले. "म्हणून तर देतोय."

माच दूर होता. आत्याला बोलणं ऐकू गेलं असेल असं वाटत नाही, पण शेठचा हात एका फळाकडे गेलेला तिला दिसला.

"हाल्याऽऽऽ."

हाक डोक्यावरूनच आली. फांदीवर साप असल्यासारखा शेठने हात मागे घेतला. पलीकडून हाल्या जाळीची काठी घेऊन धावत आला, त्याच्यामागे लाडकी, आणि काय झालं ते बघायला आम्हीही गेलो, शेजारधर्म म्हणून. शेठ रतनभाऊंकडे वळला. "तमे तो कहेता हता के बाईनो अवाज गयो."

रतनभाऊंनी माचाकडे बघितलं. आत्या मोबाइल पदराखाली धरून शांत बसली होती. त्यांनी इतक्या वर्षांत बहिणीला कधी काही बोलून दाखवलं नव्हतं, तेव्हाही नाही. शेठला म्हणाले, "तसं वाटलं होतं आम्हाला. चला, चहा घेऊ." मक्ता चहातच विरघळला.

पुढचा अख्खा हंगाम आत्याने बटणावर राखण केली. फक्त एक झालं. आता वाडीत हाक आली की ती माचावरून आली की जतीन चुकला म्हणून आली, हे कोणालाच कळेना. हाल्या आधी माचाखाली जायचा, तिथे आत्याने मान हलवली की शिडीकडे. लाडकी म्हणायची, "दोन राखणे आणि पळणारा एक."

२०१९ च्या पावसाळ्याआधी आत्या गेली, झोपेत. मोबाइल उशाशी होता. जतीनने भोंगा उतरवून मंडळाला परत दिला. माळ्यावरचा राखण्या मात्र त्याने तसाच ठेवला, हाकेसकट. पण जतीनचा हात आता इतका बसला आहे की फाइल क्वचित चुकते. आठवडा आठवडा वाडी गप्प. हाल्या पडवीत टोपल्या दुरुस्त करत बसतो आणि मधून मधून वर बघतो.

परवा मी भिंतीवर हात टेकून उभा होतो. हाल्या खालूनच म्हणाला, "भाऊ, हल्ली तुम्ही चुकत नाही."

वरून कळा दाबल्याचा आवाज तेवढा आला, आणि मग,

"हाल्याऽऽऽ."

हाल्याने टोपली बाजूला ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठला आणि एकेक पायरी चढून वर गेला. "काय आत्या?" म्हणाला.

"काही नाही रे," जतीन म्हणाला. "चहा झालाय."

वाडीतले पोपट मात्र उडाले होते.