राहून गेलेली प्यादेमात

माझ्या बायकोच्या मामांइतका सतत हरणारा आणि तरीही अजिंक्य राहिलेला बुद्धिबळपटू अख्ख्या चिटगुप्प्यात दुसरा नाही. त्यांचा नियम एकच: मात द्यायची ती प्याद्यानं. वजिरानं मात देणं म्हणजे त्यांच्या मते मुंगी मारायला नांगर आणणं. समोरचा राजा वजिराच्या तावडीत आयता सापडला तरी मामा वजीर बाजूला घेत आणि कोपऱ्यातलं एखादं प्यादं घराघरानं चालवत आणत. तोवर समोरचा सावरे, आणि बहुतेक वेळा मामाच हरत. सोंगट्या गोळा करताना म्हणत, "जिंकलाव व्हय तुम्ही. पण वजिरानं." त्यांचं सांत्वन करायला गेलेला माणूस ओशाळून परत येई.

हा नियम मानणारा दुसरा माणूस म्हणजे मामांच्या खताच्या दुकानासमोरचे टेलरचाचा. दोघंही वजिराला हात लावायला लाजत, त्यामुळं त्यांचा डाव सहसा संपतच नसे. गिऱ्हाईक आलं की चाचा ओठांतल्या टाचण्या न काढता म्हणत, "कल देखिंगे, अण्णा," आणि पट तसाच झाकला जाई.

चाचांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि मुलीनं त्यांना कलबुर्गीला नेलं, तेव्हा मी मामांच्या फोनवर बुद्धिबळ घालून दिलं. पहिल्याच डावात मामा प्यादं घेऊन निघाले आणि फोननं वजिरानं मात दिली.

"एवढी घाई कामून? बस सुटायलीय का ह्याची?"

मी फोनला सगळ्यांत सोप्या पातळीवर आणलं. तर त्यानं आपला वजीरच फुकट देऊन टाकला. मामांनी फोन पालथा ठेवला. "हरवायचं तर हरव म्हणावं त्याला. लेकराला खेळवल्यावानी करू नको."

याच मामांनी पुढच्या आठवड्यात मला घेऊन कलबुर्गी गाठली, चाचांच्या खाटेवर पट मांडला आणि खेळता खेळता आपला राजा असा उघडा टाकला, की चाचांनी एक प्यादं पुढं सरकवलं की मात. ती मलासुद्धा दिसत होती. चाचांनी धड हाताचं बोट त्या प्याद्यावर ठेवलं. बराच वेळ पटाकडं पाहिलं, मग मामांकडं. बोट उचललं आणि हत्ती उगाच एक घर सरकवला.

"आज नक्को, अण्णा. कल."

तो उद्या काही उजाडला नाही. चाचा त्याच रात्री गेले.

मामांनी दुकानात तो डाव आठवून जसाच्या तसा मांडला आहे. कुणी खेळायला बसू लागलं तर म्हणतात, "डाव चालू हाय." मी गेलो की एवढंच विचारतात, "जावईबापू, दिसली असंल का हो त्याला?" मात कुठं होती हे फोन क्षणात दाखवतो, पण मामा ते विचारतच नाहीत. मी म्हणतो, दिसली होती. मामा मान हलवतात आणि पटावरची धूळ फुंकतात.

चाल मामांची आहे. राजा झाकायला एक प्यादं पुरेल. मामा ते हलवत नाहीत.