स्वारगेटचं अस्वल

रस्त्यावर कला मांडणाऱ्यांना किस्से शोधत फिरावं लागत नाही. तुम्ही नुसता ब्रश घेऊन भिंतीपुढे उभे राहा, बाकीचं पुणेकर बघून घेतात. आमच्याकडे तर इतके साठलेत, की चहाला बसलो की मूळ विषय बाजूलाच राहतो.

मूळ विषय म्हणजे आर्क्टिक. तिकडचा बर्फ वितळतोय हे इथल्या रस्त्यावर लोकांना दाखवायचं, हा आमच्या मेधाताईंचा ध्यास. त्या शिल्पकार, आणि आम्ही चौघं त्यांचे हमाल.

*

पहिली भिंत शनिवार पेठेत मिळाली. मालक लिमयेकाका. बर्फ रंगवायला घेतला तर म्हणाले, पांढरा नको, लोक पान खाऊन थुंकतात. ताईंनी विचारलं, मग बर्फ कुठल्या रंगाचा करू? काका आत निघून गेले.

महिन्याभराने बघायला गेलो, तर भिंत लख्ख! बर्फावर थुंकायला लोकांना कसंसंच होत होतं म्हणे. काकांनी न मागता कॉफी दिली. शनिवार पेठेत, न मागता! "आर्क्टिकचं काय ते मला माहीत नाही," म्हणाले, "आमची भिंत वाचली."

आम्ही खूश, पण ताई नाहीत. थांबून बघितलं का कोणी, एवढंच त्यांनी विचारलं. मग जाहीर केलं, की आता बर्फाचंच अस्वल करायचं आणि भर उन्हात स्वारगेटला ठेवायचं. याही वेळी कोणी थांबलं नाही, तर छिन्नी कायमची माळ्यावर. ताई बोलतात ते करतात.

*

बर्फाच्या लाद्या घ्यायला लोणी काळभोरच्या कारखान्यात गेलो. मालकांना वाटलं, लग्नाची ऑर्डर हाय. अस्वल म्हटल्यावर ते हसायलाच लागले.

"आन् वितळलं मंग?"

वितळावं म्हणूनच करतोय, मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. पण ताईंना कोरायला शीतगृहातला एक कोपरा मोकळा करून दिला, अंगावर घालायला स्वतःचं जर्किन दिलं. निघताना टेम्पोत दोन लाद्या जास्तीच्या चढवल्या. "वाटंत कमी पडायला नको," म्हणाले. देव त्यांचं भलं करो.

*

स्वारगेटला पहिला तासभर कोणी ढुंकूनही बघितलं नाही. ज्याला त्याला बस पकडायची होती. आम्ही ताईंकडे बघायचं टाळत होतो.

मग एक गृहस्थ थांबले. "अहो, हे वितळतंय."

ताई म्हणाल्या, आर्क्टिकमध्येही असंच होतंय.

"तिथे आपण पोचणार नाही. इथे सावली दोन पावलांवर आहे." आणि त्यांनी स्वतःची छत्री उघडून अस्वलावर धरली.

ते बघून रसवंतीवाल्याने गोणपाट आणलं. दोन कंडक्टर आडोसा करून उभे राहिले. बघता बघता गर्दी झाली. आमच्यातला रोहन सगळ्यांना समजावत होता, की वितळणं हाच कन्सेप्ट आहे.

"कन्सेप्ट तुमच्याकडे ठेवा," छत्रीवाले म्हणाले. "त्याला ऊन लागतंय."

ताई तोंड फिरवून उभ्या होत्या. मला वाटलं चिडल्या, पण त्या रडत होत्या. त्या माणसांचे आभार कसे मानायचे ते आम्हाला आजही सुचलेलं नाही.

संध्याकाळी नुसतं पाणी उरलं. छत्रीवाले शेवटच्या बसपर्यंत थांबले होते.

*

छिन्नी अर्थातच माळ्यावर गेली नाही. यंदा पुन्हा तिथेच, नवं अस्वल. मांडामांड चालू असताना एक बाई आल्या. दोन टॉवेलांत गुंडाळलेला स्टीलचा डबा त्यांनी छातीशी धरला होता.

"जय भीम ताई. मी कांबळे, इथे मागेच राहते. मागच्या वर्षी तुमच्या अस्वलाचा कान गळून पडला होता. मी उचलून नेला. तेव्हापासून फ्रीजरमध्ये आहे, घरात कोणाला हात लावू दिला नाही. तुम्हाला लागला तर म्हणून आणलाय."

ताईंनी झाकण उघडलं. आत वाकून बघितलं. मग झाकण घट्ट लावलं आणि डबा परत त्यांच्या हातात दिला. "तुमच्याकडेच असू द्या," म्हणाल्या.

कांबळेबाईंनी भराभर टॉवेल गुंडाळले.

"मग निघते मी लगेच. ऊन वाढतंय."