खंडेनवमीला ठणकलेली दाढ

येलहंक्याच्या जुन्या पेठेत विमला शिवणकाम करायची. तिचं सासर तीन पिढ्यांचं बंगळूरकर. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि भांडण झालं तर दोन्ही. चिकपेटेतल्या एका साडीच्या दुकानातून ब्लाउजांची कापडं गठ्ठ्यानं तिच्याकडे यायची. नवरा रंगनाथ कारखान्यात लेथवर होता. घरातलं तिसरं माणूस म्हणजे सासू, सोयराबाई.

विमलाची डावीकडची खालची दाढ दोन वर्षांपासून किडली होती. भोक जिभेला लागायचं, पण दुखत नव्हतं, म्हणून तीही त्या दाढेच्या वाटेला गेली नव्हती. चौऱ्याण्णव सालच्या नवरात्रात, अष्टमीच्या दुपारी, मशीनवर बसल्या बसल्या तिनं एक कोडबळं, आपल्या कडबोळ्यासारखंच पण जास्त कडक, तोंडात टाकलं. कडक तुकडा नेमका त्या भोकात रुतला आणि कानापर्यंत कळ गेली. हातातलं ब्लाउज खाली पडलं.

सणासाठी पेठेतल्या बायकांना द्यायची चार ब्लाउजं अजून बाकी होती. गाल एका हातानं दाबत तिनं ती पुरी केली. बाह्या जोडताना शिवण दोनदा वाकडी गेली, दोनदा उसवली. संध्याकाळी गिऱ्हाइकं येऊन गेली. "अक्का, कमर स्वल्प सैल झाली," असं एकीनं म्हटल्यावर विमला नुसती बघत राहिली. बोलायला तोंड उघडवत नव्हतं.

तशीच ती पेठेतल्या दातांच्या डॉक्टर हयवदनांच्या दवाखान्यात गेली. दाराला कुलूप, आणि कुलपावर पुठ्ठा : आयुधपूजा व विजयादशमी, दवाखाना बंद. म्हणजे यांच्या पकडी, आरसे हळदकुंकू लावून दोन दिवस पाटावर बसणार आणि आपली दाढ ठणकत राहणार. तिनं कुलूप एकदा ओढून पाहिलं. त्यानं काय होणार होतं?

घरी सोयराबाईंनी लवंग कुटून कापसाच्या बोळ्यात दिली. "दाढेवर धर. गिळू नको." मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्याही करायला लावल्या. अडकलेला तुकडा सुटला, तासभर बरं वाटलं. मग आडवं पडलं की ठणका वाढायचा, म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच राहिली.

नवमीला सकाळी रंगनाथ झेंडूच्या माळा घेऊन कारखान्यात गेला. जाताना म्हणाला, "मशीन पुसून ठेव, कात्रीला कुंकू लाव. आज कामाला हात लावायचा नाही, तुला विश्रांतीच आहे."

"विश्रांती?" विमला म्हणाली, पण तो जिना उतरला होता.

दहाच्या सुमारास शेजारची हेमलता वाण घेऊन आली. नागपूरची, तिचा नवरा वायुदलाच्या तळावर नोकरीला. "अगंबाई, वहिनी, गाल केवढा आलाय! मीठ तव्यावर गरम करून पुरचुंडीनं शेका. आमच्याकडे सगळे तेच करतात."

विमलानं शेकलं. दुपारपर्यंत गाल दुप्पट झाला आणि डोळ्याखाली ताण बसला. येणारी प्रत्येक सवाष्ण कुंकू लावून घ्यायची, गालाकडे बघायची आणि काहीतरी सुचवायची. कुणी हिंग, कुणी पेरूचा पाला. एक तर तंबाखूची मिश्री घेऊनच आली. दोन प्रहरी रंगनाथ पुऱ्या आणि चणे घेऊन परतला. खिशातून त्यानं एक गोळी काढली.

"आमच्या मेस्त्रीनं दिली. डोकेदुखीचीच आहे, पण गिळायची नाही म्हणे. हिरडी आणि गालाच्या मधे धरून ठेवायची. लगेच थांबतं."

ती इतकी थकली होती की तिनं धरली. आधी झोंबलं, मग आग. थुंकून आरशात पाहिलं तर हिरडीवर पांढरा चट्टा, कातडी सोलल्यासारखी.

मग मात्र तिचा तोल गेला.

"पुरे!" तिच्या तोंडातून शब्द अर्धेच बाहेर येत होते, तरी ती थांबली नाही. "कालपासून सगळे मला सांगतायत. हे धर, ते चाव, ते शेक. कुठं दुखतं, किती दुखतं, एकानं विचारलं का? तुमच्या लेथला माळ घालायला सकाळी उठलात. माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायला नाही सुचलं!"

"अगं, पण दवाखाना बंद आहे..."

"म्हणून मेस्त्रीची गोळी?"

पुऱ्यांचं पुडकं तसंच ठेवून रंगनाथ खाली गेला आणि सोड्याच्या दुकानातून बर्फाचा खडा फडक्यात गुंडाळून घेऊन आला. विमलानं तो बाहेरून गालाला लावला, थोडा वेळ लावून थोडा वेळ काढून. पुन्हा मिठाच्या गुळण्या केल्या. एवढंच काय ते उपयोगी पडलं, आणि एवढ्यासाठी दिवस गेला होता.

दसऱ्याच्या सकाळी अंगात कणकण होती. रंगनाथ दाराला तोरण बांधत होता. विमलानं लुगडं बदललं, पिशवी उचलली आणि एकटीच निघाली, शहरातल्या मोठ्या इस्पितळाची बस पकडायला. "थांब, मीही येतो," असं मागून ऐकू आलं. ती थांबली नाही.

बसथांबा दवाखान्यासमोरच. फुलं विकणारी बाई तिच्या गालाकडे बघून म्हणाली, "एवढ्या लांब कशाला, अक्का? डॉक्टर मागच्या गल्लीतच राहतात. हिरवं दार."

विमला गल्लीत वळली आणि हिरव्या दाराची कडी वाजवली, जरा जास्तच जोरात.

डॉक्टर हयवदन सोवळ्यातच बाहेर आले. चेहऱ्यावर आधी त्रासिकपणा होता. गाल पाहिल्यावर तो गेला. "काल का नाही आलात?" त्यांनी किल्ली घेतली आणि पुढं जाऊन दवाखाना उघडला. खुर्चीवरची माळ बाजूला करून तिला बसवलं, आरशानं पाहिलं. "ही हिरडी कशानं भाजली?"

"गोळीनं." मग तिनं शेक, गुळण्या, बर्फ, सगळंच सांगितलं.

"गोळी पोटात जायची असते, बाई. आणि सुजेला गरम शेकायचं नाही. गुळण्या केल्यात, बर्फ लावलात, ते सरी, बरोबर केलंत." त्यांनी दाढ वरून उघडली. पू वाहून गेला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे खाली आले.

"उपटूनच टाका," ती म्हणाली.

"आज नाही. आधी सूज उतरू दे. या गोळ्या पाच दिवस घ्या, मग या. दाढ वाचेल. ताप चढला, गिळता येईना, तर मात्र त्याच मिनिटाला या. पुठ्ठा वाचत उभ्या राहू नका."

बाहेर रंगनाथ धापा टाकत उभा होता. दोघं घरी आली. सोयराबाई दारातच होत्या.

"भेटले का डॉक्टर? मागंच राहतात ना."

विमला पायरीवरच थांबली. "तुम्हाला ठाऊक होतं, आत्याबाई?"

"होतं की. पण सणासुदीचं कुणाच्या घरी आजार घेऊन जायचं, बरं दिसतं का?"

विमलाच्या तोंडात डॉक्टरांनी ठेवलेला कापसाचा बोळा होता. तिनं सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन उशी भिंतीशी उभी करून बसली. बाहेर सोयराबाई रंगनाथला विचारत होत्या, हिच्यासाठी पुरणपोळी दुधात कुस्करून ठेवू का. विमलानं बोळा काढला, गोळ्यांचं पाकीट उघडून पहिली गोळी पाण्याबरोबर गिळली आणि डोळे मिटले.