गुलाबाच्या पानांवरचे ठिपके आणि दादांची नळी

महिनाभर गुलाबाच्या पानांवरच्या तपकिरी ठिपक्यांनी वैताग आणलाय. या ग्रुपवर तुम्ही सांगितलं तसं कडुनिंबाचं तेल फवारलं, ताकसुद्धा फवारलं. तरी पानं पिवळी पडून गळतच राहिली.

आज दुपारी एक फांदी पिशवीत घालून नर्सरीत गेले. तिथल्या चाचांनी पान उलटंपालटं करून पाहिलं.

"बुरशी हाय, ताई. पानांवर पाणी कोण टाकून राह्यलं?"

माझे सासरे. त्यांना आम्ही दादा म्हणतो. उभा जन्म आष्टीला शेती केली. आता विसरायला होतं म्हणून इथे शहरात, मस्तगडला आमच्याकडे असतात. पाणी घातल्याचं विसरतात आणि दिवसातून चारदा नळी धरून झाडांना आंघोळ घालतात.

"खराब पानं काढून टाका, बुरशीनाशक मारा, पाणी सकाळीच आन् फक्त बुडाशी," चाचा म्हणाले. "न्हाई तर औषधाचा खर्चा वाया."

घरी येऊन दादांना समजावलं. त्यांनी माझ्याशेजारी बसून ठिपक्यांची पानं एकेक करून खुडली. "बराबर हाय, बुडाशीच देतो मंग," म्हणाले.

संध्याकाळी पाहते तर नळी पुन्हा पानांवर. मी आवाज चढवणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "एवढं एक काम मला अजून जमतं बघ, पोरी."

मी तशीच आत आले. आज खरंच थकले.

झाडही जगावं आणि त्यांचं कामही राहावं, यासाठी तुम्ही काय केलं असतं?