डोहाळजेवणाचा पेढा मी गिळला

हसायचं नाही हं! म्हणजे शेवटी हसा हवं तर, पण आधी माझी काय हालत झाली होती ती ऐका. असला घोळ घालून ठेवलाय मी, की भोपाळमधल्या आमच्या कोलार रोडवरच्या निम्म्या मराठी बायका अजूनही मला बघितलं की एकमेकींना कोपर मारतात.

मुळात मी घाबरट. लिफ्टला घाबरते, पालीला घाबरते, बँकेतून फोन आला तरी घाबरते. आणि अशा माणसाच्या तोंडावर देवाने काय द्यावं? पिंपल्स! जाहिरातीतल्या पोरींना येतो तसा एखादा गोंडस ठिपका नव्हे हो. गाठी! लालभडक, ठणकणाऱ्या. उशीवर गाल टेकवला की जीव जायचा. कोचिंग क्लासमध्ये शिकवायला उभी राहिले की मुलं फळ्याकडे कमी आणि माझ्या हनुवटीकडे जास्त बघायची.

मलमं झाली, अँटिबायोटिक झाली, शेवटी दहा नंबर मार्केटजवळच्या एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी आणि आई. बाईंनी चेहरा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "देखो बेटा, एक कॅप्सूल है. बहुत अच्छा असर करती है. लेकिन मज़ाक नहीं है."

झालं! 'मज़ाक नहीं है' एवढं ऐकूनच मी आईचा पदर धरला.

ओठ फुटतील, डोळे कोरडे पडतील, रक्त तपासत राहावं लागेल, मन फार उदास वाटलं तर लगेच फोन करायचा... बाई सांगत होत्या आणि मला तिथे बसल्याबसल्याच सगळं व्हायला लागलं होतं. मग त्या खुर्चीत पुढे सरकल्या. "और सबसे ज़रूरी. प्रेग्नेंसी बिलकुल नहीं. बच्चे में बहुत गंभीर खराबी आ सकती है. शुरू करने से पहले टेस्ट होगी."

आई ताडकन उभीच राहिली. "डॉक्टरसाब, इसका तो लगन भी नहीं हुआ!"

"टेस्ट तो फिर भी होगी," बाई शांतपणे म्हणाल्या.

घरी येईपर्यंत आई माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. जणू मीच काहीतरी करून बसले होते! रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. आता मला सांगा, साखर कशाबद्दल? म्हणजे शंका होती की काय हिला?

तर कॅप्सूल सुरू झाली. त्या स्ट्रिपवर एक चित्र असतं: पोट आलेल्या बाईचं, आणि त्यावर लाल फुली. मी ते चित्र बघायचे आणि स्ट्रिप पालथी ठेवायचे. कारण आमच्या घरात त्याच चित्रातली बाई फिरत होती! माझी गौरी वहिनी. लग्नानंतर तीन वर्षांनी दिवस राहिलेले, मधे एकदा वाईट होऊन गेलेलं. सगळं घर तिला तळहातावर झेलत होतं. मी तर स्ट्रिप कपाटात स्वेटरांच्या खाली लपवली होती. कॅप्सूलला हात लावला की साबणाने हात धुवायचे, मगच वहिनीच्या वाऱ्याला जायचे.

मग वहिनीला सरळ सांगून का नाही टाकलं, असं विचाराल. तीच तर गंमत आहे. सुधाकाकू!

काकू राहतात चार इमलीत, साहेब लोकांच्या बंगल्यांत. काका मोठे ऑफिसर, त्यामुळे काकूही ऑफिसरच. माझा चेहरा बघून त्यांनी आंबेहळद, मुलतानी माती आणि आणखी कायकाय घालून एक लेप पाठवला होता. मी तो एकदा लावला, आग आग झाली, धुऊन टाकला. पण नेमका त्याच सुमारास कॅप्सूलचा गुण यायला लागला. काकूंनी माझ्या हनुवटीला धरून मान इकडे वळवली, तिकडे वळवली आणि विचारलं, "लेपच ना गं?"

आणि मी मान हलवली. बस, एवढंच केलं मी! त्या एका होकारावर काकूंनी अख्ख्या भोपाळला लेप वाटायला सुरुवात केली. पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाग सेवनियापर्यंत डबे गेले. आता खरं सांगायची कुणाची छाती होती? मी आणि आई, दोघी मूग गिळून गप्प. वहिनीला सांगायचं म्हणजे दादाला सांगणं, आणि दादाला सांगायचं म्हणजे काकूंना फोन लावून देणं.

आता पेढ्यावर येते. मला गोळी गिळता येत नाही. हो, एवढी घोडी झाले तरी येत नाही! घशाशी आली की परत बाहेर. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, कॅप्सूल जेवणासोबत घ्यायची, जेवणात थोडं तूप-बीप असलं तर उत्तम. मी म्हटलं, खव्यात काय कमी तूप असतं? मग मी पेढा चपटा करायचे, त्यात कॅप्सूल ठेवायची, पुन्हा गोल वळायचा, जेवण झालं की डोळे मिटून अख्खा गिळायचा. वर घोटभर पाणी. एवढी सवय झाली होती की आत कॅप्सूल आहे की नाही हेही कळायचं नाही.

तर वहिनीचं डोहाळजेवण. सातवा महिना. घरात ही गडबड! दुपारी मी जेवले, पेढा वळला, स्टीलच्या वाटीत ठेवला, मुंग्या लागू नयेत म्हणून वर झाकणी ठेवली, आणि पाणी भरायला वळले तोच बेल वाजली. फुलांचे दागिने घेऊन फूलवाला आला होता. तो जातो तर खुर्च्या आल्या. खुर्च्या लावते तर बायका आल्या.

आणि मी ती वाटी साफ विसरले. गरोदर बाई घरात, आणि ती असली कॅप्सूल पेढ्यात घालून ओट्यावर! मला आत्ता सांगतानाही घाम फुटतो.

हॉलमध्ये वहिनी हिरवी साडी नेसून, फुलांनी मढून बसलेली. इतकी गोड दिसत होती! काकू मधोमध. आल्याआल्या त्यांनी मला बायकांसमोर उभं केलं. "बघा, बघा हिचा चेहरा! ही माझ्या लेपाची करामत." सगळ्या बायका माझ्या गालाशी चष्मे लावून आल्या. शेजारच्या शर्मा आंटी म्हणाल्या, "मैं तो दो महीने से लगा रही हूँ, मेरी तो चमड़ी उतर रही है."

"उतरनेके बादही नई आती है," काकूंनी निकाल दिला.

ओटी भरून झाली, गाणी झाली, आणि काकूंनी घोषणा केली, "चला, आता वाट्या आणते!"

तुम्हाला माहीतच आहे तो खेळ. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. गरोदर बाई एक उघडणार. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मग ते तिला भरवायचं.

पेढा... वाटी... झाकणी...

काकू आत जाऊन आल्यासुद्धा, आणि माझ्या डोक्यात आत्ता वीज चमकली. धावत स्वयंपाकघरात गेले. ओटा रिकामा!

"आई, इथली वाटी?"

"काकूंनी नेली ना. मी पेढा काढणार होते, तर म्हणाल्या, अगं तू तर आधीच झाकून ठेवलायस! फक्त बर्फीची वाटी घेतली त्यांनी माझ्याकडून."

"आई, त्यात माझी कॅप्सूल आहे!"

आईच्या हातातला झारा खाली पडला. ती "अगं, पण..." म्हणत राहिली. मी तशीच हॉलकडे पळाले.

वहिनीपुढे दोन वाट्या मांडलेल्या. दोन्ही सारख्या, दोन्ही झाकलेल्या. ओरडावं, तर काकू. न ओरडावं, तर बाळ! मी वहिनीला डोळ्यांनी खुणावलं. एकदा, दोनदा, डोळे मोठे करून, मान हलवून.

वहिनी म्हणाली, "काय झालं गं? डोळ्यात काही गेलं का? फुंकर मारून घे ना."

मी म्हटलं, "काकू, तो पेढा... शिळा आहे. दुसरा आणते."

"शिळा?" काकूंच्या भुवया वर गेल्या. "तुझ्या आईने सुनेच्या डोहाळजेवणाला शिळा पेढा ठेवला?"

बायकांत कुजबुज सुरू! आता आईची अब्रू पण गेली. मला काही सुचेना. मी खाली वाकले आणि डावीकडची झाकणी पट्कन उचलून पाहिली. बर्फी!

"अगं ए! चीटिंग!" बायका ओरडल्या. काकूंनी माझ्या हातावर चापटी मारली. "तुझं आहे का डोहाळजेवण? हो मागे!"

आणि तेवढ्यात वहिनीने उजवीकडची वाटी उघडली.

"पेढा!" टाळ्याच टाळ्या. शर्मा आंटींनी तर शिट्टी मारली. काकूंनी तो एवढासा पेढा चिमटीत धरला. "केवढासा केलाय! मिठाईवाल्यांना लाजच नाही राहिली. चल गौरी, आ कर."

वहिनीने तोंड उघडलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. खरंच नाही आठवत. मला फक्त ते चित्र दिसत होतं, लाल फुलीचं. मी समया चुकवून उडी मारली, काकूंचं मनगट धरलं, ते माझ्याकडे ओढलं, आणि त्यांच्या चिमटीतला पेढा थेट माझ्या तोंडात! सवयीप्रमाणे अख्खा. गट्टम!



"हाय राम," शर्मा आंटी म्हणाल्या, "बुआ ही खा गई लड़के को!"

काकू आपली बोटं तपासत होत्या. सगळी जागेवर आहेत म्हटल्यावर त्यांचा आवाज फुटला. "भावाचा मुलगा डोळ्यांत खुपतोय का गं तुला? सख्ख्या वहिनीच्या तोंडचा घास?"

मग मी रडायलाच लागले. हुंदके देत सगळं ओकले. पेढा नाही, हकिगत! कॅप्सूल, दहा नंबरच्या बाई, ते चित्र, बाळाला होऊ शकणारं ते भयंकर काहीतरी, पेढ्यात लपवायची माझी युक्ती. "वहिनी, तू खाल्ला असतास तर... मी काय केलं असतं गं! माझी चूक आहे, मी ओट्यावर ठेवला, माझी चूक आहे!"

"एक मिनिट," काकू म्हणाल्या. "म्हणजे माझा लेप?"

मी खाली बघितलं. शर्मा आंटींनी आपल्या सोलवटलेल्या गालाला हात लावला आणि काकूंकडे असं काही बघितलं, की काकूंनी पदर सावरायला घेतला.

वहिनी मात्र पांढरीफटक पडली होती. तिचा एक हात पोटावर, दुसऱ्याने तिने माझा हात घट्ट धरला. मी म्हटलं, आता ही थोबाडीत देणार. द्यायलाच हवी होती.

"ऋचा," ती हळूच म्हणाली, "अगं, पण मी खाणारच नव्हते."

"काय?"

"मला शुगर निघालीये ना. प्रेग्नेंसीतली. डॉक्टरांनी पेढ्याकडे बघूसुद्धा नको म्हटलंय. काकूंना वाईट वाटेल म्हणून मी नुसता तोंडात धरल्यासारखं करून नॅपकिनमध्ये टाकणार होते. कालच घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं मी. आणि तो नॅपकिन गुपचूप उचलून न्यायचं काम तुझं होतं! तू वाचलं नाहीस?"

वाचणार कसं? ग्रुप मी महिनाभरापूर्वीच म्यूट केला होता! बाबा रोज सकाळी त्यावर फुलं पाठवतात म्हणून.

म्हणजे बघा, मी गप्प बसले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पेढा नॅपकिनमध्ये, नॅपकिन माझ्या हातात. त्याऐवजी काय झालं? माझं गुपित फुटलं, वहिनीचं फुटलं, आईच्या पेढ्याला शिळा म्हणून झालं, लेपाचा बाजार उठला. आणि निष्पन्न काय? तर माझी कॅप्सूल मी घेतली. तीही जेवणानंतर.

आई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "गौरीला मीच म्हटलं होतं, हे काम ऋचाला दे. पोरगी घाबरट आहे, पण कामाला पक्की."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

त्या रात्री मी वहिनीच्या खोलीबाहेर जाऊन उभी राहिले, आत जायचा धीर होईना. तिनेच आवाज दिला. पोटावर माझा हात ठेवला. आतून एक ढुशी बसली आणि मी पुन्हा रडले. यावेळी जरा बऱ्या कारणाने. स्ट्रिप तेव्हापासून कुलपात असते आणि कॅप्सूल मी पाण्याबरोबर गिळायला शिकले. भीतीने माणूस काय वाटेल ते शिकतो.

बाळ झालं. मुलगी! गुटगुटीत, ठणठणीत, आवाजाने कॉलनी जागी करणारी. मी तिचं बोट न् बोट तपासलं, हाताची, पायाची, दोन-दोनदा, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

बारशाला पुन्हा त्याच बायका. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. नवी साडी नेसून, मोठ्या ऐटीत मी पाळण्याशी गेले, वाकले, तर काकूंनी मधेच हात आडवा घातला.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी तोंड उघडून दाखव."

आणि भरल्या घरात, पाळण्यासमोर, दोन विषयांत एम.ए. झालेल्या मी... जीभ वर करूनसुद्धा दाखवली हो!